भाडं किती, हे सगळ्यांनी विचारलं

मुलुंड पूर्वेच्या एका शाळेचा हॉल, रविवारची सकाळ, आमच्या सोसायटीची पुनर्विकासासाठीची विशेष सर्वसाधारण सभा. पुढच्या रांगेत उपनिबंधक कार्यालयातून आलेले साहेब, कोपऱ्यात कॅमेरा लावून बसलेला एक पोरगा, आणि दाराशी बिल्डरने पाठवलेली नाश्त्याची खोकी: दोन बटाटेवडे, सोनपापडीचा तुकडा, पाण्याची छोटी बाटली. बत्तीसपैकी एकोणतीस सभासद हजर. एरवी वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही म्हणून अर्धा तास थांबून त्याच खुर्च्यांवर पुन्हा सभा भरवावी लागते. त्या दिवशी मात्र बदलापूरला राहायला गेलेलेही आले होते.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं, म्हणून मोजता आलं. विकास कराराचा मसुदा १३८ पानांचा, इंग्रजीत, आणि त्यावर एकूण तेवीस प्रश्न आले. चौदा प्रश्न कार्पेट (घरातली वापरायची जागा) किती वाढणार आणि बाहेर राहण्याचं भाडं किती देणार यावर. चार पार्किंगवर. दोन स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांवर. एक लिफ्ट कुठल्या कंपनीची, आणि एक देवघराचं तोंड कुठे येणार. तेविसावा प्रश्न दुसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त बालवाडी शिक्षिकेने विचारला. सगळी बिल्डिंग त्यांना बाई म्हणते. त्यांनी विचारलं, "आणि काम अर्ध्यात सोडलंत तर?" हॉलमध्ये हशा पिकला. बिल्डरचे भागीदार हात जोडून म्हणाले, "बाई, आम्ही कुठे जाणार? मुलुंडचेच आहोत आम्ही." मी इतिवृत्तात लिहिलं, 'शंकांचं निरसन करण्यात आलं.'

२०१८ च्या दिवाळीआधी आम्ही घरं रिकामी केली. सव्वीस महिने भाडं आलं, मग थांबलं. इमारत सातव्या मजल्याच्या स्लॅबवर थांबली. बिल्डर पळून वगैरे गेला नाही. तो मुलुंडलाच आहे, फोनही उचलतो. फक्त बांधत नाही.

मला इथे रडगाणं गायचं नाही. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पुणे, कुठेही दहा मिनिटं चाललात तर हिरवी जाळी लावलेला एखादा अर्धवट सांगाडा दिसेलच, आणि त्या प्रत्येक सांगाड्यामागे पंचवीस-तीस कुटुंबं कुठेतरी भाड्याने राहत असतात. मला बोलायचंय ते वेगळ्या गोष्टीबद्दल. पुनर्विकासात सगळ्यात मोठी जोखीम ज्याच्या डोक्यावर, त्या जुन्या सभासदाला कायद्याचं संरक्षण सगळ्यात कमी आहे. त्याच्या हातात असतो फक्त करार, आणि तो करार समोरच्याच्या वकिलाने लिहिलेला असतो.

हे पटायला एकच इमारत डोळ्यासमोर आणा. पाचव्या मजल्यावर जुन्या सभासदाचं नवं घर, चौदाव्यावर बाहेरून आलेल्या खरेदीदाराचा फ्लॅट. खरेदीदाराने जाहिरात पाहून फ्लॅट बुक केला. २०१६ च्या रेरा कायद्याने (स्थावर संपदा नियमन कायद्याने) त्याला काय काय दिलंय? नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला त्याच्याकडून दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. कराराचा नमुना राज्याच्या नियमांतच छापलेला आहे. खरेदीदारांकडून आलेल्या पैशांतले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवायचे आणि ते त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायचे. ताबा लांबला तर खरेदीदार पैसे परत मागू शकतो, नाहीतर प्रत्येक महिन्याच्या उशिराचं व्याज मागू शकतो. महाराष्ट्रात तो दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर या कर्जदराच्या वर दोन टक्के. ताब्यानंतर पाच वर्षं बांधकामातले दोष बिल्डरने फुकट दुरुस्त करायचे. महारेराने, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने, आदेश देऊनही बिल्डरने पैसे दिले नाहीत तर जिल्हाधिकारी ते जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करू शकतात. आणि बिल्डर दिवाळखोरीत गेलाच, तर २०१८ पासून हा खरेदीदार कर्ज देणाऱ्या बँकेसारखा वित्तीय धनको ठरतो, म्हणजे धनकोंच्या समितीत त्याच्याही बाजूला मत असतं. यातलं सगळंच सुरळीत चालतं असं नाही. महारेराच्या वसुलीच्या वॉरंटांवर किती धूळ बसते हे ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक आहे. पण निदान कागदावर त्याच्या पायाखाली जमीन आहे.

आता पाचव्या मजल्यावर या. या माणसाने रुपया दिलेला नाही, तर स्वतःचं राहतं घर दिलंय. त्याची जुनी भिंत पडली तेव्हा त्याचा ताबा गेला, आणि सोसायटीची जमीन विकासासाठी दुसऱ्याच्या हाती गेली. वरचे फ्लॅट विकून बिल्डरला जो नफा होणार, तो याच जमिनीच्या जिवावर. तरीही व्यवहारात महारेराचं दार त्याच्यासाठी सहसा उघडत नाही. तुम्ही मोबदला देऊन घर घेतलेलं नाही, तुमचा वाद विकास करारातला आहे, तो दिवाणी न्यायालयात किंवा लवादापुढे न्या, असं सांगितलं जातं. दिवाळखोरीच्या कायद्यातही पैसे दिलेले नसल्यामुळे वित्तीय धनकोच्या व्याख्येत बसणं त्याला जड जातं.

यात एक गंमत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सभासदांच्या बाजूने एक चांगला निकाल दिला. पुनर्विकासात सभासदाला नवं घर मिळतं तेव्हा त्याच्या वैयक्तिक कराराला, ज्याला सगळे पीएए म्हणतात, घराच्या किमतीवर वेगळं मुद्रांक शुल्क लागणार नाही, कारण सभासद घर विकत घेत नाही, त्याला त्याच्या जुन्या घराच्या बदल्यात घर मिळतं. सोसायट्यांनी पेढे वाटले, आणि वाटायलाच हवे होते. लाखो रुपये वाचले. पण हाच युक्तिवाद उलटा फिरवला की बिल्डरचा वकील म्हणतो, 'बघा, हा खरेदीदार नाहीच.' शुल्काच्या खिडकीवर जे वाक्य आपल्याला तारतं, तेच महारेराच्या दारात आपल्याला अडवतं.

खरं तर रेरा कायद्यातली व्याख्या इतकी अरुंद नाही. प्रवर्तकाने (म्हणजे बिल्डरने) ज्याला घर 'वाटप केलं, विकलं किंवा अन्य प्रकारे हस्तांतरित केलं' तो अलॉटी, असं तिथे आहे. त्या ओळीत मोबदल्याचा उल्लेख नाही. भाडेकरूला मात्र स्पष्ट शब्दांत वगळलेलं आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांना ज्यांना वगळायचं होतं त्यांना त्यांनी नावानिशी वगळलं. जुन्या सभासदाला वगळलेलं नाही. अडचण पुढच्या कलमांत येते. कलम १८ मधलं व्याज भरलेल्या रकमेवर मोजायचं असतं, आणि सभासदाने रक्कम भरलेलीच नसते, मग शून्यावर व्याज किती काढणार? हा प्रश्न खोटा नाही. त्याचं उत्तरही अवघड नाही; त्यावर पुढे येतो.

आधी करारात काय असतं ते बघू. आमच्या मसुद्यातलं एक कलम मला आता तोंडपाठ आहे. काम छत्तीस महिन्यांत पुरं करायचं, 'संपूर्ण बांधकाम परवानगी मिळाल्याच्या तारखेपासून'. वाचताना किती निरुपद्रवी वाटतं. पण मुंबईत परवानगी टप्प्याटप्प्याने मिळते. आधी आयओडी, जिचं मूळ इंग्रजी नाव 'नापसंतीची सूचना' आहे (परवानगीला नापसंती म्हणणारी महापालिका जगात दुसरी असेल असं वाटत नाही). मग जोत्यापर्यंतची सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला. मग प्रीमियम भरत जाल, टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकामाचे हक्क) विकत घेत जाल तसतशी पुढच्या मजल्यांची सीसी. संपूर्ण सीसी कधी मिळणार? बिल्डर शेवटचे पैसे महापालिकेत भरेल तेव्हा. म्हणजे त्याने पैसे भरलेच नाहीत तर त्याची मुदत सुरूच होत नाही. आम्ही घर सोडलं ऑक्टोबर २०१८ मध्ये, आणि करारानुसार छत्तीस महिन्यांचं घड्याळ कधी सुरूच झालं नाही. लवादापुढे त्यांच्या वकिलाने हेच सांगितलं, अगदी शांतपणे: उशीर झालेलाच नाही.

भाड्याचंही तसंच. रक्कम किती, यावर आम्ही तीन सभा भांडलो आणि ३० हजारांचे ३२ हजार करून घेतले. भाडं कधीपर्यंत द्यायचं हे कुणी पाहिलंच नाही. करारात होतं, 'ताबा घेण्याविषयी सूचना दिल्यापासून तीस दिवसांपर्यंत'. भोगवटा प्रमाणपत्राचा, ज्याला आपण ओसी म्हणतो, उल्लेख कुठेच नाही. बिल्डरने अर्धवट घराच्या ताब्याचं पत्र पाठवलं असतं तरी भाडं थांबलं असतं. आमच्या बाबतीत तेवढीही वेळ आली नाही. अकरा महिन्यांचे आगाऊ तारखांचे चेक देत देत सव्वीस महिने निघाले, सत्ताविसाव्याचा चेक वटला नाही. चेक न वटणं हा परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली गुन्हा, म्हणून बत्तीसपैकी नऊ जणांनी खटले भरले. बाकीचे म्हणाले, कोर्टाची पायरी कशाला, तो देईल. त्या नऊ जणांमध्ये बाई होत्या.

आता कार्पेट. चौदा प्रश्न ज्याच्यावर आले ते. जुन्या करारातलं कार्पेट म्हणजे भिंती सोडून वापरायला मिळणारी जागा. रेराच्या व्याख्येत घराच्या आतल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीही कार्पेटमध्ये धरतात, बाल्कनी धरत नाहीत. म्हणजे जुनं माप एका फूटपट्टीने आणि नवं दुसऱ्या फूटपट्टीने. साडेचार इंची आतली भिंत धावती तीस फूट धरली तरी सव्वाअकरा चौरस फूट होते. एवढी 'वाढ' नुसती व्याख्या बदलून मिळते. करारात जुनं आणि नवं दोन्ही एकाच पद्धतीने मोजून, नकाशासकट, परिशिष्टात लावा, एवढंच सांगायचं होतं. आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही, कारण वाढ टक्क्यांत सांगितली होती, आणि टक्के ऐकले की आपण खूष होतो.

पण खरा मुद्दा हमीचा आहे, आणि इथे मी जरा थांबणार आहे.

सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली राज्य सरकारने सोसायट्यांच्या पुनर्विकासासाठी निर्देश काढले, पहिले ३ जानेवारी २००९ ला, सुधारित ४ जुलै २०१९ ला. (म्हाडाच्या कायद्यातही एक ७९-अ आहे, तो उपकरप्राप्त इमारतींचा, दोन्हींची गल्लत रोज होते.) सहकारातल्या निर्देशांत बऱ्याच शहाण्या गोष्टी आहेत. बिल्डर निवडायची सभा उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर घ्यायची, तिचं चित्रीकरण करायचं, करार नोंदवायचा, काम दोन वर्षांत आणि अपवाद म्हणून तीन वर्षांत संपवायचं, बिल्डरने आपले हक्क तिसऱ्याला विकायचे नाहीत, सगळ्या परवानग्या आल्यावरच सभासदांनी घर सोडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या वीस टक्के रकमेची बँक हमी सोसायटीला द्यायची.

बँक हमी म्हणजे काय हे साध्या भाषेत सांगायचं तर, बिल्डर चुकला की सोसायटीने बँकेला पत्र लिहायचं आणि बँकेने पैसे द्यायचे. कोर्ट नाही, लवाद नाही, तारखा नाहीत. चाळीस कोटींचा प्रकल्प असेल तर आठ कोटी. आमच्या बत्तीस घरांचं महिन्याचं भाडं दहा लाख चोवीस हजार होत होतं. आठ कोटींत ते सहा वर्षं चाललं असतं, नाहीतर दुसरा ठेकेदार लावून निदान आमचे मजले तरी पुरे झाले असते.

आमच्याकडे हमी नव्हती. त्याऐवजी करारात 'सिक्युरिटी फ्लॅट' होते. विक्रीच्या भागातले दोन फ्लॅट बिल्डर विकणार नाही, ते सोसायटीकडे तारण म्हणून राहतील, असं कलम. पीएमसीने (पुणेकरांनी गोंधळू नये, इथे पीएमसी म्हणजे महापालिका नव्हे, प्रकल्प सल्लागार) आम्हाला समजावलं होतं की बँक हमीत बिल्डरचा पैसा अडकतो, मग तो तुम्हाला कार्पेट कमी देतो, त्यापेक्षा फ्लॅट बरा. सभेने टाळ्या वाजवून मान्य केलं. ते दोन फ्लॅट बाराव्या मजल्यावर होते. इमारत सातव्यावर थांबली आहे.

या ७९-अ च्या निर्देशांचं दुखणं हे की मुंबई उच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत ते मार्गदर्शक मानले, बंधनकारक नाहीत. कारणमीमांसा समजण्यासारखी आहे: एखादी औपचारिकता राहिली म्हणून बहुमताने ठरलेला पुनर्विकास कुणा एका-दोघांच्या हट्टापायी अडू नये. पण परिणाम असा झाला की सभा, कोरम, चित्रीकरण हे देखाव्याचे भाग सगळे पाळतात आणि ज्यात पैसा आहे ती हमी गळून पडते. पोरगा कॅमेरा लावून बसला होता ना, ते बंधन आम्ही काटेकोर पाळलं.

बहुमताचाही विषय इथेच येतो. न्यायालयांनी २००९ पासून सातत्याने सांगितलंय की सर्वसाधारण सभेने ठरवलं की अल्पमतातल्या सभासदावर ते बंधनकारक आहे. तो घर सोडत नसेल तर त्याला बाहेर काढता येतं. मी या निकालांच्या विरोधात नाही. एका माणसाच्या नकारासाठी तीस कुटुंबांनी गळक्या, टेकू लावलेल्या इमारतीत राहावं हे बरोबर नाही. पण कायदा जर तुम्हाला तुमच्या मनाविरुद्ध एका करारात ढकलत असेल, तर तो करार किमान सुरक्षित असल्याची हमीही कायद्यानेच द्यायला हवी. बाईंनी विरोधात मत दिलं होतं. त्यांनीही इतरांबरोबरच घर सोडलं, त्याच दिवशी, त्याच टेम्पोत.

आणि मग कुलमुखत्यारपत्र. विकास करारासोबत सोसायटी बिल्डरला अपरिवर्तनीय मुखत्यारपत्र देते. करार कायद्याच्या कलम २०२ नुसार, ज्या मुखत्याराचा त्या मालमत्तेत स्वतःचा हितसंबंध आहे त्याचे अधिकार सहजी काढून घेता येत नाहीत. म्हणजे सही झाली की महापालिकेत, नोंदणी कार्यालयात, विक्रीच्या करारांवर सोसायटीच्या नावाने बिल्डर सही करणार. ते लागतंच, त्याशिवाय काम चालत नाही. पण त्यात गहाण टाकायचा अधिकार कुठपर्यंत आहे हे वाचायला हवं. त्याच्या विक्रीच्या फ्लॅटवर त्याने कर्ज काढावं. सोसायटीच्या जमिनीवर आणि सभासदांच्या घरांवर नाही. ही एक ओळ नसली तर बिल्डर कोसळल्यावर दारात वित्तसंस्थेचा माणूस उभा राहतो आणि आपलीच जागा सोडवून घेण्यासाठी आपल्याला वकील लावावा लागतो.

दिवाळखोरीत हे किती टोकाला जातं त्याचं उदाहरण गोरेगावची पत्राचाळ. तिथला करार २००८ चा, म्हाडा, रहिवाशांची सोसायटी आणि विकासक असा त्रिपक्षीय, ६७२ कुटुंबं. त्यांची घरं उभी राहण्याआधीच एफएसआय (जमिनीवर किती बांधता येईल तो हक्क) इतरांना विकल्याचा आरोप झाला, भाडं बंद पडलं. विकासक कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया जुलै २०१७ मध्ये सुरू झाली. म्हाडाने करार रद्द करण्याची नोटीस पाठवली जानेवारी २०१८ मध्ये. सहा महिन्यांचा उशीर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये निकाल आला: दिवाळखोरीची स्थगिती चालू आहे तोवर म्हाडाला ती जागा परत घेता येणार नाही. जमीन सरकारी संस्थेची, घरं गरिबांची, तरी ही गत. तिथलं काम पुन्हा सुरू व्हायला २०२२ उजाडलं. आमच्यासारख्या बत्तीस घरांच्या सोसायटीने यातून एवढंच उचलायचं की करार मोडायचा असेल तर तो बिल्डर कोसळायच्या आधी मोडावा लागतो, आणि आधी मोडता यावा असं कलम करारात असावं लागतं. आमच्या करारात कलम होतं. सोसायटीने आधी नव्वद दिवसांची नोटीस द्यायची, मग लवादाने दोष ठरवायचा, मगच करार संपणार. आणि लवाद नेमायचा अधिकार एकट्या बिल्डरला. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये असे एकतर्फी लवाद मोडीत काढले म्हणून आम्हाला निदान दुसरा माणूस मागता आला. तरी त्यात पावणेदोन वर्षं गेली.

आता बिल्डरांच्या बाजूचं. तेही ऐकायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. वीस टक्क्यांची हमी, भाड्याची वेगळी तरतूद, प्रत्येक सभासदाला रेराचं संरक्षण, हे सगळं घातलं तर लहान इमारतींचा हिशोबच बसणार नाही, असं ते म्हणतात. ग्राहक कायदा आहे ना, असंही म्हणतात. आणि ते खरं आहे. घरबांधणी ही त्या कायद्यात सेवा आहे, आणि जमीन देऊन बदल्यात बांधलेलं घर घेणारा जमीनमालकही ग्राहक असू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटलंय. पण ग्राहक आयोगाच्या तारखांवर कुणाचं घरभाडं निघत नाही. राहिला हिशोबाचा प्रश्न. ज्या इमारतीचा हिशोब हमी दिल्यावर बसत नाही, तिचा हिशोब हमी न देताही बसलेला नसतो; तो फक्त सभासदांच्या अंगावर ढकललेला असतो. आमच्याकडे पाच निविदा आल्या होत्या. चार जण कार्पेटमध्ये अठ्ठावीस ते तेहतीस टक्के वाढ देत होते आणि एक त्रेचाळीस. त्याच भूखंडावर, त्याच एफएसआयमध्ये, त्याच बाजारभावात. चौघे मूर्ख होते की पाचवा काहीतरी लपवत होता, एवढा प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवा होता. आम्ही त्रेचाळीसवाल्याला बोलावलं. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन सीए आहेत आणि मी स्वतः आयुष्यभर बँकेत कर्ज मंजुरीच्या टेबलावर बसलो. परक्याचा प्रस्ताव असता तर मी पहिल्याच पानावर परत पाठवला असता.

म्हणून केवळ 'सभासदांनी जागरूक राहावं' हा उपदेश मला पुरेसा वाटत नाही. आम्ही शिकलेले, आकड्यांत मुरलेले, आणि तरी हावरट झालो. दहा बाय दहाच्या खोलीला एक बाल्कनी मिळणार म्हटल्यावर माणूस हावरट होतो, त्यात लाजण्यासारखं फार नाही. कायदा अशाच क्षणासाठी असतो. फ्लॅट खरेदीदारही १९६३ च्या मोफा या मालकी फ्लॅट कायद्यापासून २०१६ पर्यंत बिल्डरच्या कागदावर निमूट सही करतच होता. कराराचा नमुना मोफाच्या नियमांतही होता; त्यामागे रेराचा धाक उभा राहिला तेव्हा कुठे थोडा फरक पडला.

तेच इथे करता येईल. विकास कराराचा आणि पीएए कराराचा नमुना सहकार खात्याने तयार करून बंधनकारक करावा, आणि तो मराठीत असावा. १३८ पानं इंग्रजी वाचून सही करणारा सभासद मी अजून पाहिलेला नाही. मुदत घर रिकामं केल्याच्या दिवसापासून मोजावी आणि भाडं ओसी मिळेपर्यंत चालावं, या दोन गोष्टींत सोसायटीला सूट देण्याचाही अधिकार नसावा, कारण अधिकार दिला की तो कार्पेटच्या बदल्यात विकला जातो. बँक हमी सीसीच्या अर्जाला जोडावी. हमी नाही तर सीसी नाही. सभा आणि कोरम मार्गदर्शक राहिले तरी चालतील, हमी बंधनकारक हवी. आणि कलम १८ च्या शून्याचा प्रश्न: सभासदाने रोख रक्कम भरली नसेल, पण करार नोंदवताना रेडी रेकनरने, म्हणजे सरकारी दरतक्त्याने, त्याच्या घराची किंमत काढता येतेच. त्या किमतीवर व्याज लावा. सरकारला स्वतःचं मुद्रांक शुल्क मोजायचं असतं तेव्हा हीच किंमत चालते, मग सभासदाची नुकसानभरपाई मोजताना का चालू नये?

स्वयंपुनर्विकासाचं, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीने स्वतःच बांधण्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने त्याला सवलती दिल्या, मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेसारख्या बँका कर्जही देतात, आणि नफा सोसायटीतच राहतो. चांगलं आहे. पण मग प्रवर्तक सोसायटी असते. विक्रीच्या फ्लॅटच्या खरेदीदारांसमोर रेराची जबाबदारी तिची, ठेकेदाराचं बिल अडवायचं की सोडायचं हा निर्णयही तिचा. ज्या सोसायटीत पाण्याच्या टाकीच्या सफाईवरून दोन गट पडतात तिने हे करावं की नाही, ते तिने स्वतःलाच विचारावं. आमच्याकडे दोन गट आहेत.

लवादाने गेल्या पावसाळ्यात करार संपुष्टात आणला. भाड्याच्या थकबाकीचा आदेशही झाला. वसुलीचा अर्ज प्रलंबित आहे. बाईंच्या चेकच्या खटल्यात बिल्डरने अर्धी रक्कम भरून तडजोड केली. आता दुसऱ्या एका बिल्डरचा मसुदा आलाय, १६१ पानांचा. या वेळी वाढ एकोणतीस टक्के आहे, आणि ती ऐकून सभेत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मसुद्याच्या कलम ३४ मध्ये मुदत पुन्हा 'संपूर्ण परवानगी मिळाल्यापासून' अशीच होती. बाईंनी तिथे पेन्सिलीने रेघ मारून 'घर रिकामं केल्यापासून' असं लिहिलं. मग आमच्यातल्या एका सीएने हळूच आठवण करून दिली की घर तर आपण केव्हाच रिकामं केलंय. तेव्हा आम्ही 'करार नोंदवल्याच्या तारखेपासून' असं लिहून तो परत पाठवला, सोबत बँक हमीच्या मजकुराचं एक पान जोडून. तीन आठवडे झाले, अजून उत्तर आलेलं नाही.